सहा मिलीमीटरचं वेल्डिंग

समुद्रातल्या तेलाच्या प्लॅटफॉर्मला सेफ्टी सर्टिफिकेट देताना नेमकं काय तपासतात? आपल्या मुंबई हायला पाणी साधारण ७५ मीटर खोल, तिथे तळावर पाय रोवून उभे असलेले लोखंडी सांगाडे चालतात, त्यांना जॅकेट म्हणतात, आणि असे जॅकेट जगात इतके बांधून झालेत की ते कुठे गंजतात कुठे तडकतात हे इंजिनियर लोकांना पाठ आहे, नियमही त्यातूनच आलेत. पण रचनाच नवीन असेल तर हा अनुभव आणायचा कुठून?

नॉर्वेत हे फार वाईट पद्धतीने कळलं. २७ मार्च १९८०, उत्तर समुद्रातलं एकोफिस्क तेलक्षेत्र. अलेक्झांडर कीलँड नावाचा पाच पायांवर तरंगणारा रिग, तेव्हा कामगारांच्या राहण्यासाठी वापरत होते, त्या संध्याकाळी वर २१२ जण होते. वादळात एका पायाला धरून ठेवणारा एक ब्रेस, म्हणजे जाड आडवा पाइप, तुटला. मग त्याचा भार बाकीच्या ब्रेसवर आला, तेही पटापट तुटले, अख्खा पाय निसटून गेला आणि वीस मिनिटांच्या आत रिग उलटला. १२३ माणसं गेली.

चौकशीत जे सापडलं ते वाचून मला आजही कसंतरी होतं. त्या ब्रेसला पाण्यातला आवाज टिपणारा हायड्रोफोन बसवायचा होता, म्हणून भोक पाडून एक छोटा आधार घातला आणि भोवती ६ मिलीमीटरचं वेल्डिंग केलं. हे काय भार घेणारं नाही असं समजून त्याच्याकडे कोणी ताकदीच्या हिशोबाने बघितलंच नाही. तडा तिथूनच सुरू झाला. तड्याच्या आत रंगाचे अंश मिळाले, म्हणजे रिग यार्डात रंगवला तेव्हाच तो तडकलेला होता!

तार एकदा वाकवून तुटत नाही, पण तीच उलटसुलट वाकवत राहिलं की तुटते ना, तसंच हे, याला फटीग म्हणतात. दर दहा सेकंदाला एक लाट धरली तरी वर्षाला तीस लाखांच्या वर लाटा होतात, आणि तडा प्रत्येक लाटेला किंचित पुढे सरकतो.

म्हणून माझ्या मते सगळ्यात मोठा बदल प्रश्नातच झाला. मजबूत आहे का एवढं विचारून भागत नाही, एक तुकडा गेला तर बाकीचं टिकतं का हे पण दाखवावं लागतं. नॉर्वेच्या नियमांत १९८४ पासून हा हिशोब आला. नवीन डिझाइन असेल तर आधी त्याचे भाग सुटे करून बघतात, कुठला भाग पूर्वी वापरलाय, कुठला पहिल्यांदाच येतोय, की ओळखीचाच भाग पण नव्या जागी लावलाय (हे शेवटचं सगळ्यात फसवं, कारण ओळखीचं आहे म्हणून कोणी खोदून बघत नाही), मग लाटांच्या टाकीत छोटं मॉडेल हलवून बघतात आणि डिझाइन करणाऱ्यांचं गणित दुसरी टीम स्वतंत्रपणे परत करते.

त्याच १९८४ साली ब्रिटनच्या हटन क्षेत्रात जगातला पहिला टेन्शन लेग प्लॅटफॉर्म उभा राहिला. तरंगणारा सांगाडा, प्रत्येक कोपऱ्याला चार उभे पोलादी टेंडन, म्हणजे लांब पाइप, ते त्याला तळाकडे ताणून धरतात. पाणी होतं फक्त १४७ मीटर, तिथे जॅकेटही चाललं असतं, पण खोल समुद्रात जायच्या आधी ही नवी पद्धत अशा जागी तपासून घ्यायची होती. आज असा प्लॅटफॉर्म डिझाइन करताना एक टेंडन नाहीच असं धरूनही सगळं गणित करावं लागतं.