गांडुळं, अंडी आणि शहरातलं विष

अमेरिकेत एल्मच्या झाडांना बुरशीचा रोग जडला होता. ती बुरशी पसरवणारे भुंगेरे मारायला १९५०च्या दशकात रस्त्याकडेच्या, विद्यापीठांच्या आवारातल्या एल्मवर डीडीटी फवारलं गेलं आणि मग हिरवळीवर रॉबिन पक्षी थरथरत मरून पडू लागले. फवारा झाडावर, मग पक्षी का मरतात? संशोधक रॉय बार्कर यांनी १९५८मध्ये साखळी जुळवली. पानं गळली, ती गांडुळांनी खाल्ली आणि गांडुळं रॉबिननं. जीव जायला अकरा मोठी गांडुळं पुरत. रॉबिनच्या दृष्टीनं ही किरकोळ न्याहारी!

पुढचे पुरावे संग्रहांतून निघाले. ब्रिटनमध्ये डेरेक रॅटक्लिफ यांनी हौशी मंडळींनी जमवलेली बहिरी ससाण्याची जुनी अंडी तपासली. १९४७च्या सुमारापासून, म्हणजे डीडीटीचा वापर पसरू लागला तेव्हापासून, कवच एकाएकी पातळ झालेलं दिसलं. हा शोधनिबंध १९६७चा. स्वीडनमध्ये सोरेन येन्सेन यांना गरुडाच्या १९४४मधल्या पिसातही पीसीबी हे विजेच्या उपकरणांत वापरलं जाणारं विषारी रसायन सापडलं. जर्मनीनं १९८५पासून असे नमुने मुद्दाम साठवायला घेतले. त्यात शहरी कबुतरांची अंडीही असतात, द्रवरूप नायट्रोजनच्या थंडीत.

तरीही प्रदूषणावरच्या नियमित देखरेखीचा भर राहिला मासे, शिंपले, सील यांच्यावर. सांडपाणी शेवटी पाण्यातच जातं, त्यामुळे ते स्वाभाविक होतं. पण रसायन शरीरात साचेल का, याचे आडाखेही माशांवरूनच बांधले गेले, आणि तिथे गफलत झाली. काही रसायनं मासा कल्ल्यांवाटे पाण्यात सोडून देतो. तीच हवेत सहज उडून जात नाहीत, त्यामुळे फुप्फुसानं श्वास घेणाऱ्यांच्या अंगात साचत राहतात. कॅनडातल्या संशोधकांनी हे २००७मध्ये दाखवलं. न चिकटणारी भांडी, पाणी न धरणारे कपडे यांसाठी वापरल्या जाणाऱ्या पीएफएएस रसायनांची तर तऱ्हाच वेगळी. ती चरबीत न साचता रक्तातल्या आणि यकृतातल्या प्रथिनांना चिकटतात. म्हणून आता उंदीर-कोल्ह्यांची यकृतं तपासली जातात.

नॉर्वेनं २०१३मध्ये शहरी जमिनीसाठी स्वतंत्र देखरेख सुरू केली, मुख्यतः ओस्लोच्या परिसरात. माती, गांडुळं, उंदीर, कोल्हे यांच्या जोडीला तिथे फील्डफेअर पक्ष्याची अंडीही तपासतात. हा पक्षी बार्करच्या रॉबिनच्याच प्रजातिगटातला, आणि खातोही गांडुळंच.