लॉख नेस आणि अर्कर्टचा किल्ला : एका दिवसाच्या सहलीमागचा इतिहास

स्कॉटलंडच्या उत्तरेकडील हायलंड्स या डोंगराळ प्रदेशात जाणारे बहुतेक प्रवासी एक दिवस इन्व्हर्नेस शहरासाठी राखून ठेवतात. सकाळी शहराबाहेर बोटीत बसायचे, थोडे अंतर कालव्यातून जाऊन लॉख नेस या लांबट सरोवरात शिरायचे, पश्चिम काठावरच्या अर्कर्ट किल्ल्याच्या धक्क्यावर उतरून भग्न बुरूज पाहायचे आणि संध्याकाळी काठालगतच्या मोटार रस्त्याने परतायचे, असा हा सरधोपट कार्यक्रम असतो. काळसर पाणी, दोन्ही बाजूंचे उभे डोंगर आणि कड्यावरचा पडका किल्ला पाहून हे सारे अनादी काळापासून असेच निवांत असावे असे वाटते. प्रत्यक्षात ही खोल दरी म्हणजे हायलंड्सच्या आरपार जाणारी एकमेव सोपी वाट होती. किल्ला, गढ्या, सडका, कालवा असे जे काही येथे उभे राहिले, ते त्या वाटेवर ताबा ठेवण्यासाठी किंवा ती सुधारण्यासाठी होते.

वाट निसर्गाने आखलेली आहे. सुमारे ४० कोटी वर्षांपूर्वी येथील भूकवचात एक प्रचंड प्रस्तरभंग, म्हणजे खडकांना आरपार गेलेली भेग, निर्माण झाला आणि पुढे हिमयुगातील हिमनद्यांनी त्या कमकुवत पट्ट्यातला खडक खरवडून काढला. त्यातून ईशान्येकडील इन्व्हर्नेसपासून नैर्ऋत्येकडील फोर्ट विल्यमपर्यंत जवळजवळ १०० किलोमीटर लांबीची सरळ दरी तयार झाली, आणि तिच्यातील सर्वांत मोठे सरोवर ते लॉख नेस. ‘लॉख’ हा गेलिक भाषेत सरोवराला असलेला शब्द. या सरोवराची लांबी सुमारे ३७ किलोमीटर असली तरी रुंदी जेमतेम दीड-दोन किलोमीटर आहे, खोली मात्र सुमारे २३० मीटर. इंग्लंड आणि वेल्समधील सगळ्या तळ्यांचे पाणी एकत्र केले तरी ते याच्याहून कमी भरते. पाण्याचा काळसर रंग आसपासच्या डोंगरांवरून वाहून येणाऱ्या पीटचा, म्हणजे दलदलीत कुजलेल्या वनस्पतींच्या थराचा आहे.

सहाव्या शतकात आयर्लंडहून आलेला धर्मप्रसारक कोलंबा याच वाटेने पिक्ट, म्हणजे तेव्हा उत्तर स्कॉटलंडमध्ये राहणाऱ्या लोकांच्या, राजाच्या भेटीला गेला. त्याच्यानंतर सुमारे शंभर वर्षांनी लिहिलेल्या चरित्रात दोन प्रसंग येतात. एकात तो अर्कर्टच्या खोऱ्यातील एका वृद्ध पिक्ट सरदाराला बाप्तिस्मा देतो, तर दुसऱ्यात नेस नदीत माणसांवर धावून येणाऱ्या एका जलचराला मागे हटवतो. सरोवरात विचित्र प्राणी असल्याच्या पुढच्या काळातील बातम्यांशी ही दुसरी कथा जोडली जाते, म्हणून तिचे स्थळ सरोवर नसून त्यातून निघणारी नदी आहे, हे आवर्जून सांगायला हवे.

आज दिसणारा किल्ला तेराव्या शतकापासून पुढचा. सरोवरात घुसलेल्या खडकाळ टोकावर तो अशा बेताने बसवला आहे की दरीतून जाणारी नाव किंवा माणूस त्याच्या नजरेतून सुटू नये. म्हणूनच तो कोणा एकाकडे फार काळ टिकला नाही. १२९६ मध्ये इंग्लंडच्या पहिल्या एडवर्डने तो घेतला, १३०७ मध्ये स्कॉटलंडचा राजा रॉबर्ट ब्रूस याच्याकडे तो आला आणि पुढे पश्चिमेकडील बेटांचे मॅकडोनाल्ड अधिपती वारंवार त्यावर चालून आले. १५०९ मध्ये स्कॉटलंडच्या चौथ्या जेम्स राजाने तो ग्रँट घराण्याला दिला, तो बांधकामाच्या अटी घालूनच. तट, दिवाणखाना आणि स्वयंपाकघराबरोबर भटारखाना, कबुतरखाना आणि फळबागही उभारावी, असे त्या सनदेत नमूद होते. उजाड झालेला मुलूख पुन्हा नांदता व्हावा ही त्यामागची इच्छा उघड दिसते.

ती इच्छा एका पिढीतच उधळली गेली. १५४५ मध्ये मॅकडोनाल्ड आणि कॅमेरॉन कुळांनी घातलेल्या धाडीत खोऱ्यातून दोन हजारांहून अधिक गुरे हाकून नेण्यात आली. किल्ल्यातून तोफा गेल्या, पिसांच्या गाद्या गेल्या, भांडीकुंडी गेली, दारे आणि तळ्यातल्या नावाही गेल्या. मला या प्रदेशाच्या इतिहासातले हे सर्वांत बोलके पान वाटते, कारण लढायांच्या तारखांपेक्षा नेलेल्या वस्तूंची ही यादी तेथील माणसांचे जगणे अधिक स्पष्ट दाखवते.

किल्ल्याचा शेवट मात्र त्याच्या रक्षकांनीच केला. १६८९ नंतर ग्रँटांच्या शिबंदीने पदच्युत राजा सातव्या जेम्सच्या समर्थकांपासून, म्हणजे जेकोबाइटांपासून, तो राखला. १६९२ मध्ये सोडून जाताना शत्रूला त्याचा उपयोग होऊ नये म्हणून दरवाजाची इमारत सुरुंगाने उडवून दिली. पुढे १७१५ च्या वादळात मुख्य बुरुजाचा एक भाग ढासळला आणि लोकांनी इथले दगड घरांसाठी नेले.

वाटेचे महत्त्व यानंतर उलट वाढले. जेकोबाइट उठावांच्या धास्तीने सरकारने दरीच्या दोन्ही टोकांना आणि मध्यभागी लष्करी ठाणी उभारली आणि जनरल वेडच्या सैनिकांनी १७२५ पासून खडक फोडून सडका काढल्या. १६ एप्रिल १७४६ रोजी इन्व्हर्नेसजवळच्या कलोडनच्या माळावर जेकोबाइटांचा अखेरचा पराभव झाला आणि त्यानंतर हायलंडी पोशाखावरही बंदी आली, ती १७८२ पर्यंत टिकली. १७७३ मध्ये इंग्रज लेखक सॅम्युएल जॉन्सन आणि त्याचा स्कॉटिश मित्र जेम्स बॉसवेल पूर्व काठाच्या याच सडकेने घोड्यावरून गेले, तेव्हा वाटेत ते एका म्हातारीच्या झोपडीत शिरले. ती चुलीवर शेळीचे मांस शिजवत होती. तिने पाहुण्यांना व्हिस्की देऊ केली आणि त्यांच्याकडे तपकीर मागितली. पाहण्यासाठी म्हणून या वाटेने येणाऱ्या पहिल्या काही प्रवाशांत या दोघांची गणना करावी लागेल.

येथील तरुणांना सैन्याची वाट होती, आणि ती महाराष्ट्रापर्यंत पोहोचली. कलोडननंतर इन्व्हर्नेसजवळ बांधलेल्या फोर्ट जॉर्जमध्ये १७९३ मध्ये उभी राहिलेली ७८ वी हायलंडर पलटण, २३ सप्टेंबर १८०३ रोजी आजच्या जालना जिल्ह्यातील असईच्या लढाईत शिंदे आणि भोसले यांच्या फौजांविरुद्ध लढली. पुढे तिच्या चिन्हांत हत्ती आणि ‘असई’ हे नाव आले.

त्याच वर्षी या दरीत कॅलेडोनियन कालव्याला संसदेची मंजुरी मिळाली. उत्तरेकडील धोकादायक समुद्र टाळून जहाजांना थेट आरपार जाता यावे आणि देशांतराला निघालेल्या हायलंडवासीयांना काम मिळावे, असा दुहेरी हेतू होता. अभियंता थॉमस टेलफर्डने चार सरोवरे सुमारे ३५ किलोमीटर खोदकामाने जोडली आणि पाण्याची पातळी सांभाळण्यासाठी २९ जलपाशांची, म्हणजे बोटी वर-खाली करणाऱ्या दारांच्या हौदांची, सोय केली. सात वर्षांचे ठरलेले काम १८२२ पर्यंत लांबले. तोवर नेपोलियनशी असलेले युद्ध संपले होते आणि कालव्याची खोली वाढत्या आकाराच्या जहाजांना अपुरी पडू लागली होती. मालवाहतुकीची अपेक्षा फसली, पण वाफेच्या बोटींतून पर्यटक येऊ लागले. १८७३ मध्ये राणी व्हिक्टोरियाने येथून प्रवास केल्यावर तर त्याला प्रतिष्ठाच लाभली.

शेवटची भर विसाव्या शतकाची. १९३० च्या दशकाच्या आरंभी पश्चिम काठाचा रस्ता सुधारण्यात आला, आणि २ मे १९३३ रोजी इन्व्हर्नेसच्या एका वृत्तपत्रात पाण्यात विचित्र प्राणी दिसल्याची बातमी छापून आली. पुढच्या वर्षी गाजलेले त्या प्राण्याचे लांब मानेचे छायाचित्र बनावट असल्याचे १९९० च्या दशकात उघड झाले, तरी या बातमीने आणलेली गर्दी ओसरली नाही. किल्ला त्याआधीच, १९१३ मध्ये, सरकारी देखभालीखाली गेला होता. अभ्यागत केंद्रातील चित्रफीत संपली की पडदा बाजूला होतो आणि काचेतून किल्ला समोर येतो. तेथून चालत खंदकापर्यंत उतरले, की दरवाजाच्या बाजूला १६९२ च्या स्फोटात कोसळलेले बांधकामाचे मोठे तुकडे अजून पडलेले दिसतात.