कीबोर्ड इनपुट (वेब ब्राउझर)

कीबोर्डवरची कळ दाबली की ब्राउझर पानावरच्या प्रोग्रॅमकडे ओळीने घटना पाठवतो: कीडाउन (कळ दाबली), बिफोरइनपुट (मजकूर उमटण्याआधी), इनपुट (उमटल्यावर) आणि शेवटी कीअप (कळ सुटली). मधली कीप्रेस कालबाह्य झाली आहे. नव्या कामात ती वापरू नये. मजकूर घ्यायचा तो इनपुट घटनेतून आणि आज्ञा म्हणजे शॉर्टकट ओळखायचे ते कीडाउनवर. ही फारकत केली नाही की फक्त इंग्रजी क्वर्टी मांडणीवर तपासलेला फॉर्म ठाण्यातल्या ई-सेवा केंद्रात अडतो. तिथे टायपिंग क्लासमधले रेमिंग्टन, सरकारी मानक इन्स्क्रिप्ट आणि मोबाइलवर रोमन अक्षरांतून लिहिलेले मराठी, अशा तिन्ही वाटांनी मजकूर येतो.

कीडाउनसोबत येणारा ‘की’ हा गुणधर्म कोणते अक्षर उमटणार ते सांगतो. ‘कोड’ कळेची जागा सांगतो. इन्स्क्रिप्टमध्ये एसच्या कळेवर एकाराची मात्रा आहे. त्यामुळे ‘की’मध्ये रोमन एस शोधणाऱ्या पानावर कंट्रोल-एस दाबले तरी काहीच जतन होत नाही. केवळ ‘कोड’वर विसंबणेही चुकीचेच. ऐरोली-महापेच्या कार्यालयांत फ्रान्समधल्या ग्राहकासाठी पान बनवले, तर तिथल्या अझर्टी मांडणीत झेडच्या जागी डब्ल्यू असतो आणि ‘पूर्ववत करा’ (कंट्रोल-झेड) भलत्याच कळेवर जाते. खात्रीचा मार्ग असा: ‘की’मध्ये रोमन अक्षर आले तर तेच धरावे, नाही तर ‘कोड’ पाहावा. खेळातल्या हालचालींसाठी मात्र थेट ‘कोड’च योग्य, कारण तिथे बोटांची जागा महत्त्वाची असते.

कंट्रोल आणि ऑल्ट एकत्र घेऊन शॉर्टकट ठेवू नयेत. विंडोजमध्ये ही जोडी उजव्या ऑल्टसारखी धरली जाते, आणि इंग्लिश (इंडिया) मांडणीवर ₹ उजवा ऑल्ट व ४ यांनीच उमटतो. पानाने कंट्रोल-ऑल्ट-४ अडवले तर रक्कम भरणाऱ्याला रुपयाचे चिन्हच टाकता येत नाही. जर्मन मांडणीवर ईमेलमधले ॲट चिन्ह याच रीतीने जाते. मॅकवर कमांड दाबलेली असताना इतर कळांचे कीअप येत नाही. दाबलेल्या कळांची यादी ठेवणाऱ्या प्रोग्रॅमने कमांड सुटताच आणि खिडकीवरचा फोकस जाताच ती यादी रिकामी करावी.

रोमनमधून मराठी लिहिताना शब्द पक्का होईपर्यंत ‘कॉम्पोझिशन’ चालू असते. या काळात ‘कीकोड’ म्हणजे कळेचा जुन्या पद्धतीचा क्रमांक २२९ येतो आणि शब्द अजून बनतो आहे हे सांगणारा ‘इझकम्पोझिंग’ हा गुणधर्म खरा असतो. एंटरवर संदेश पाठवणाऱ्या पानाने हे तपासले नाही तर शब्द निवडण्यासाठी दाबलेल्या एंटरनेच अर्धा मजकूर निघून जातो. सफारीत कॉम्पोझिशन संपल्याची घटना त्या एंटरच्या कीडाउनआधी येते, म्हणून तिथे २२९ ही जुनी खूणही पाहावी लागते. अँड्रॉइडच्या कीबोर्डवर बहुतेक कळा २२९ म्हणूनच येतात. तिथे कळ ओळखण्याचा नाद सोडून बिफोरइनपुट वापरावा. फायरफॉक्समध्ये तो २०२१ साली, ८७व्या आवृत्तीत आला. मात्र कॉम्पोझिशनचा मजकूर त्यातूनही रोखता येत नाही. मध्येच रकान्यातले मूल्य बदलले की अक्षरे दुबार उमटतात. गाळणी लावायची ती शब्द पक्का झाल्यावर. रेमिंग्टनमध्ये ऱ्हस्व वेलांटी व्यंजनाआधी टाइप होते आणि युनिकोडमध्ये, म्हणजे प्रत्येक अक्षराला क्रमांक देणाऱ्या मानकात, नंतर साठते, त्यामुळे तिथेही उमटलेला मजकूर मागे जाऊन बदलतो.

मजकूर नीट आला तरी तो एकसारखा असतोच असे नाही, आणि मराठी शोध बहुधा इथेच फसतो. ‘दुसऱ्या’मधला अर्धा ऱ कोणी यू+०९३१ या युनिकोड क्रमांकाच्या अक्षराने लिहितो, कोणी साधा र, हलंत आणि शून्य-रुंदीचा जोडक (न दिसणारे जोडचिन्ह) वापरून. ‘ॲप’मधला ॲ २००८पासून यू+०९७२ असा स्वतंत्र आहे, पण अनेक जण अजून अ आणि चंद्र जोडतात. युनिकोडचे नेहमीचे सामान्यीकरण (एकाच अक्षराची वेगवेगळी रूपे एक करण्याची रीत) या जोड्या एक करत नाही. जतन करण्याआधी आपणच त्या बदलून घ्याव्यात. पिनकोड ४००६०१ देवनागरी अंकांत आला तर जावास्क्रिप्ट त्याला संख्या मानत नाही, तेव्हा तोही आधी इंग्रजी अंकांत बदलावा.

कमाल लांबीच्या मर्यादेत अक्षरे नव्हे, तर यूटीएफ-१६ या साठवणपद्धतीची एकके मोजली जातात; देवनागरीत प्रत्येक व्यंजन, मात्रा आणि हलंत यांचे एकेक. विंडोजच्या मराठी मांडणीवर ‘क्षेत्र’ तीन वेळा कळ दाबून होते: शिफ्ट-७, एस, शिफ्ट-६. वाचणाऱ्याला त्यात दोन अक्षरे दिसतात, मर्यादेत सात एकके खर्ची पडतात. ब्राउझरच्या सेगमेंटरने, म्हणजे मजकुराचे अक्षरांत तुकडे पाडणाऱ्या साधनाने, मोजावे तर युनिकोड १५.१च्या आधीच्या नियमांनी चार तुकडे पडतात, नंतरच्या नियमांनी दोन.