समुद्रातला साप पाणी कुठलं पितो?

मालवणच्या किनाऱ्यावर रापणीचं जाळं ओढून झालं की बांगड्या-पेडव्यांच्या ढिगात अधूनमधून एखादं चपट्या शेपटीचं जनावर वळवळताना दिसतं. रापणकर ते काठीवर घेऊन पाण्यात भिरकावतात. शहाणपण त्यातच आहे, कारण हा समुद्रसाप नागाच्या कुळातला आणि जहाल विषारी. आपल्याकडचं प्रतिविष नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चौघांच्या विषापासून बनतं. समुद्रसापाचं विष त्यात नाही. त्यात चावा फारसा दुखतही नाही. अंग धरतं, लघवी काळपट होते ती काही तासांनी. तेव्हा दुखत नसलं तरी दवाखाना गाठायचाच.

याचे पूर्वज जमिनीवरचे. पाण्यात आल्यावर शेपटी वल्ह्यासारखी झाली, नाकपुड्या वर सरकल्या आणि त्यांना झडपा आल्या. पोटाखालचे रुंद खवले आक्रसले, त्यामुळे वाळूवर त्याला धड सरपटताही येत नाही. मग अंडी घालायला किनारा कसला गाठणार? पिल्लं पाण्यातच जन्मतात. (अंदमानचे सी-क्रेट नावाचे समुद्रसाप अंडी घालायला अजून जमिनीवर येतात, पण ती शाखाच वेगळी.) कल्ले नाहीतच. एकच फुप्फुस जवळजवळ अंगभर लांब असतं, शिवाय कातडीतूनही ऑक्सिजन आत येतो. पिवळ्या पोटाच्या समुद्रसापात तर एकूण गरजेच्या एक तृतीयांशापर्यंत.

खरी गंमत पाण्याची. जिभेखालची ग्रंथी जादा मीठ बाहेर टाकते. तेव्हा हे साप खारं पाणी पीत असणार, असं शास्त्रज्ञ बरीच वर्षं धरून चालले होते. अमेरिकन संशोधक हार्वी लिलीव्हाइट यांनी तहानलेल्या सापांपुढे समुद्राचं पाणी ठेवलं, तर त्यांनी तोंड लावलं नाही. गोडं पाणी दिलं तेव्हा मात्र ते प्यायले.

मग भर समुद्रात गोडं पाणी आणायचं कुठून? पावसाचं. ते हलकं असल्याने जोराच्या सरीनंतर खाऱ्या पाण्यावर त्याचा थर काही काळ टिकतो. पावसाळ्यात आपल्या खाड्यांच्या तोंडाशीही नदीचं पाणी असंच वर राहतं. कोस्टा रिकाच्या किनाऱ्यावरच्या पिवळ्या पोटाच्या सापांवरचा अभ्यास 2014 मध्ये आला. तिथे कोरडा हंगाम लांबला की ते सहा-सात महिने तहानेवरच काढतात, अंगातलं पाणी घटत जातं, आणि पहिला मोठा पाऊस झाला की भरून निघतं.