सॅक किती लिटरची, आणि पाठ किती सेंटिमीटरची?

पावसाळा लागला की शनिवारी पहाटे स्वारगेटला वेल्ह्याच्या एसटीची वाट बघणाऱ्या पोरांच्या पाठीवर 60-65 लिटरच्या सॅक दिसायला लागतात. मुक्काम राजगडावर एका रात्रीचा, सॅक हिमालयात आठवडाभर पुरेल एवढी. त्यामागचा विचार ठरलेला: 'घ्यायचीच आहे तर मोठी घेऊ, लागेल कधीतरी.' शाळेचा गणवेश वाढत्या मापाचा शिवतात, त्यातलाच प्रकार. फक्त ढगळ सदऱ्याने खांदे दुखत नाहीत.

लिटर हे सॅकच्या पोटाचं माप. ती अंगाला बसेल की नाही हे ठरतं पाठीच्या लांबीवर, आणि त्याचा लिटरशी संबंध नाही. चांगल्या कंपन्यांची 40 लिटरची एकच सॅक स्मॉल, मीडियम, लार्ज अशा वेगवेगळ्या पाठींत मिळते. उंचीवरूनही अंदाज चुकतो. पाच फूट चार इंचाची मुलगी आणि पाच फूट दहा इंचाचा मुलगा यांची पाठ सारखी भरू शकते; बाकीची उंची पायांत असते.

पाठ मोजायला शिंप्याची टेप आणि एक मदतनीस पुरे. मान खाली घाला. मानेच्या बुंध्याशी जो मणका सगळ्यांत जास्त वर येतो, तो मानेचा सातवा मणका. आता भांडायला उभं राहतात तसे हात कमरेवर ठेवा, अंगठे मागे. हाताला लागते ती कमरेच्या हाडाची वरची कड. दोन्ही अंगठे जोडणारी आडवी रेघ धरा आणि मणक्यापासून तिथपर्यंत, पाठीच्या बाकाला धरून, टेप सोडा. 43 ते 48 सेंटिमीटर म्हणजे साधारण मीडियम; पण कंपन्यांचे तक्ते थोडे इकडेतिकडे असतात, तेव्हा आकडा घेऊनच दुकानात जा.

एवढा खटाटोप त्या कमरेच्या हाडासाठी. मूल कडेवर घेताना आपण त्याला ज्या हाडावर टेकवतो, तेच हे. सॅकचा कमरपट्टा त्याच कडेवर बसला तर बराचसा भार तिथून थेट पायांत उतरतो. सॅकची पाठ लांब निघाली तर पट्टा घसरून कुल्ल्यांवर येतो आणि सगळं वजन पुन्हा खांद्यावर. आखूड निघाली तर पट्टा पोटावर आवळतो आणि चढावर श्वास पुरत नाही. खांद्याचे पट्टे तासन्‌तास रुतले की काखेकडे जाणाऱ्या नसा दाबल्या जातात आणि बोटांना मुंग्या येतात. त्याला 'सवय नाही' म्हणून सोडून देऊ नये.

आता मोठ्या सॅकचा खरा तोटा, आणि इथे थोडी आकडेमोड आहे. 60 किलोचा माणूस, 12 किलोची सॅक. कमरेच्या वरचं शरीर ढोबळमानाने 40 किलो, त्याचा गुरुत्वमध्य (सगळं वजन जिथे एकवटलं असं धरता येतं तो बिंदू) खुब्यापासून 30 सेंटिमीटर वर. सॅकचा गुरुत्वमध्य त्याच उंचीवर, पण 20 सेंटिमीटर मागे. सॅक माणसाला मागे खेचते ते आघूर्ण (वजन गुणिले अंतर) 12 × 20, म्हणजे 240. तोल राखायला धड पुढे झुकवावं लागतं, तेव्हा धड आणि सॅक मिळून (40 + 12) × 30, म्हणजे 1560 कामाला येतात. 240 भागिले 1560 म्हणजे 0.154, हा झुकण्याच्या कोनाचा टॅन (त्रिकोणमितीतला), कोन सुमारे 9 अंश. आता तेच 12 किलो अर्धवट भरलेल्या फुगीर सॅकमध्ये टाका. सामान खाली आणि बाहेर लोंबतं. सॅकचा गुरुत्वमध्य 20 ऐवजी 30 सेंटिमीटर मागे गेला तर कोन होतो 13 अंश. वजनात एक ग्रॅमची भर नाही, तरी दिवसभर चार अंश जास्त वाकून चालायचं. शिवाय ढिलं सामान प्रत्येक पावलाला मागून गचका देतं; राजगडाच्या संजीवनी माचीवरून तोरण्याच्या वाटेला उतरताना तो गचका नको तिथे बसतो.

डोक्यावर चुंबळ ठेवून हंडा नेणारी बाई ताठ चालते, कारण तिथे हे मागचं अंतर शून्य असतं. 1986 साली 'नेचर'मध्ये केनियातल्या लुओ आणि किकुयू स्त्रियांवरचा अभ्यास छापून आला. लुओ स्त्रिया ओझं डोक्यावर घेतात, किकुयू स्त्रिया कपाळावरच्या पट्ट्याने पाठीवर; शरीराच्या वजनाच्या 20 टक्क्यांपर्यंतचं ओझं असूनही दोघींचा ऊर्जाखर्च वाढत नव्हता. पुढच्या संशोधनात हे सगळ्यांना साधत नाही असंही दिसलं, म्हणून सॅक डोक्यावर घ्यायला जाऊ नका. हंड्याकडून घ्यायचं ते एवढंच: जड वस्तू अंगाच्या रेषेजवळ. पाणी, शिधा, स्टोव्ह पाठीला चिकटून, खांद्याच्या दोन फऱ्यांच्या मध्ये; तळाला स्लीपिंग बॅग; बाहेरच्या कप्प्यात रेनकोट आणि खाऊ.

'वजन निम्मं वाटेल' असं लिहिलेल्या सॅक आणि चुंबकाचे तुकडे शिवलेले पाठीचे पट्टे ऑनलाइन धो धो विकले जातात. 12 किलो हे 12 किलोच राहतात. सॅक फक्त ते कुठे टेकवायचं ते ठरवते. चुंबक तर तेवढंही करत नाही, उलट स्वतःच्या वजनाची भर घालतो.

लिटर किती हे बादलीने ठरवा. बहुतेक प्लास्टिकच्या बादल्यांच्या बुडाला आकडा असतो, नसेल तर एक लिटरच्या बाटलीने भरून बघा. एका मुक्कामाचं सामान त्यात दाबून बसवा: स्लीपिंग बॅग 9 लिटर, कपडे 6, शिधा आणि भांडी 6, पाणी 3, रेनकोट 2, विजेरी आणि औषधं 2. झाले 28. फटींसाठी पाव हिस्सा धरला तर 35. म्हणजे राजगड-तोरण्याला 35 ते 40 लिटर बास. सिंहगडाच्या एका दिवसाला 20. एकूण वजन शरीराच्या वजनाच्या पाचव्या हिश्श्यावर जाऊ देऊ नका. मॅट बांधायची तर उभी. आडवी मॅट राजगडाच्या चोर दरवाजाच्या वाटेवर कातळाला घासते आणि तोल घालवते.

रेनकव्हर पाठीकडची बाजू झाकत नाही. पाणी मानेवरून पाठीवर आणि तिथून सॅकमध्ये उतरतं. त्यामुळे आत जाड प्लास्टिकची पिशवी लावून सामान त्यात भरा. भिजलेली स्लीपिंग बॅग वाहण्यासारखा दुसरा मूर्खपणा नाही.

तीच सॅक विमानात न्यायची तर देशांतर्गत प्रवासात केबिन बॅगेची मर्यादा सहसा 7 किलो आणि 55 × 35 × 25 सेंटिमीटर. गुणाकार केला तर 48 लिटर होतात, म्हणून 45 ची सॅक बसेल असं वाटतं. पण ट्रेकिंगची सॅक निमुळती आणि उंच. 45 लिटरवाल्या बऱ्याच जणी 60 सेंटिमीटरच्या वर जातात आणि काउंटरवर अडतात. त्यात रिकाम्या सॅकचंच दीड-दोन किलो, हातात उरतात पाच.

दुकानात रिकामी सॅक लावून आरशात बघण्यात अर्थ नाही. आत आठ-दहा किलो भरायला सांगा. पाण्याच्या बाटल्या चालतील. सगळे पट्टे ढिले करा, आधी कमरपट्टा आवळा, मग खांद्याचे, मग खांद्यावरून सॅकच्या माथ्याकडे जाणारे छोटे पट्टे (ते साधारण 45 अंशात दिसले पाहिजेत), शेवटी छातीचा. दुकानाच्या जिन्यावरून पंधरा मिनिटं वरखाली करा. गुडघा वर घेताना कमरपट्टा मांडीला अडला किंवा खांद्याच्या पट्ट्याखाली दोन बोटं सरकेनात, तर दुसऱ्या पाठीची सॅक मागा.