मदीरा बेटाचे हवामान

उत्तर अटलांटिक महासागरातील मदीरा या पोर्तुगीज बेटाचे उपोष्ण कटिबंधीय, बारमाही सौम्य हवामान. बेटाच्या नावाचा आपल्या मदिरेशी संबंध नाही. पोर्तुगीज भाषेत ‘मदीरा’ म्हणजे लाकूड. १४१९ च्या सुमारास खलाशी येथे उतरले तेव्हा बेट जंगलाने झाकलेले होते. पुढे मात्र ते जगभर गाजले ते दारूमुळेच, हा योगायोग.

दक्षिण किनाऱ्यावरील राजधानी फुंशाल येथे जानेवारी-फेब्रुवारीत दुपारचे तापमान १९-२० अंश सेल्सिअस असते आणि ऑगस्टमध्ये २६ अंशांच्या आसपास. फुंशाल आणि जम्मू जवळजवळ एकाच अक्षांशावर आहेत; जम्मूत जूनमध्ये पारा चाळिशी ओलांडतो, फुंशालला त्याच महिन्यात संध्याकाळी अंगावर काहीतरी घ्यावे लागते. हा फरक समुद्राचा. बेटाभोवतीचे पाणी हिवाळ्यात १८ अंशांखाली फारसे जात नाही आणि उन्हाळ्याअखेर २३-२४ अंशांवर थांबते. उत्तरेकडून येणारा थंड कॅनरी प्रवाह उन्हाळा तापू देत नाही. अझोर्स बेटांजवळच्या जास्त दाबाच्या क्षेत्रातून निघणारे ईशान्य व्यापारी वारे उन्हाळाभर वाहतात.

‘चिरवसंताचे बेट’ ही पर्यटन जाहिरातींतील बिरुदावली मात्र किनाऱ्यापुरतीच खरी आहे. बेट जेमतेम ५७ किमी. लांब व २२ किमी. रुंद, आणि मधोमध पर्वताचा कणा. त्यातील सर्वोच्च शिखर पिको रुईव्हो १,८६२ मी. उंच आहे. ओले वारे उत्तर उतारावर चढतात, थंड होतात आणि ढग बनून अडकतात. फुंशाल पर्जन्यछायेत येते. तेथे वर्षाला सुमारे ६०० मिमी. पाऊस, तोही बहुतेक ऑक्टोबर ते मार्च या काळात. वरच्या डोंगरांत दोन हजार मिमी.हून अधिक. कधीकधी हिवाळ्यात शिखरांवर बर्फ पडते आणि खाली बंदरावर लोक अर्ध्या बाह्यांच्या शर्टात कॉफी पीत बसलेले असतात. जूनमध्ये ढगांचे झाकण शहरावर दिवसदिवस बसून राहते. स्थानिक लोक त्याला ‘कापासेत’, म्हणजे शिरस्त्राण, म्हणतात.

उत्तर उतारावरील लॉरेल वृक्षांचे जंगल (१९९९ पासून जागतिक वारसा) पावसाइतकेच धुक्यावर जगते. तेलकट, चिवट पानांवर धुके साठते, टपटप गळते आणि जमिनीत मुरते. हे पाणी कोरड्या दक्षिणेकडे नेण्यासाठी पंधराव्या शतकापासून डोंगरकड्यांत अरुंद पाट खोदले गेले. त्यांना ‘लेवादा’ म्हणतात, आणि त्यांची एकूण लांबी हजार किलोमीटरहून अधिक आहे. पाण्याच्या पाळ्या सांभाळणारा ‘लेवादेइरो’ हा आपल्याकडच्या पाटकऱ्याचाच भाऊबंद. ऊस, द्राक्षे आणि केळी या पाटांवरच पिकली.

एकोणिसाव्या शतकात युरोपातील श्रीमंत क्षयरोगी हिवाळा काढायला येथे येत. ऑस्ट्रियाची सम्राज्ञी एलिझाबेथ १८६०-६१ च्या हिवाळ्यात प्रकृतीसाठीच येथे राहिली. त्याच घराण्याचा शेवटचा सम्राट कार्ल १९२१ मध्ये हद्दपार होऊन येथे आला, तेव्हा त्याला या हवेची दुसरी बाजू दिसली. पैसे संपत आल्याने कुटुंबाला फुंशालचा किनारा सोडून वर माँते येथील एका बंगल्यात जावे लागले. अंतर किरकोळ, उंची सुमारे साडेपाचशे मीटर. पण ती जागा धुक्याची, दमट आणि गार. कार्लला सर्दी झाली, तिचा न्यूमोनिया झाला आणि १ एप्रिल १९२२ रोजी, वयाच्या अवघ्या चौतिसाव्या वर्षी, तो मरण पावला. माँतेच्या चर्चमध्येच त्याला दफन केले आहे.

सौम्यपणालाही अपवाद आहेत. सहाराकडून ‘लेश्ते’ नावाचा कोरडा, धुळीचा वारा येतो तेव्हा नेहमीचा नियम उलटतो व डोंगरमाथा किनाऱ्यापेक्षा जास्त तापतो. ऑगस्ट २०१६ मधील वणवे कडक उन्हाळ्यात भडकून थेट फुंशालच्या वस्तीत उतरले. त्याआधी २० फेब्रुवारी २०१० रोजी मुसळधार पावसाने उभ्या उतारांवरील ओढ्यांतून चिखल व दगडगोटे शहरात आणले आणि चाळीसहून अधिक माणसे दगावली.

येथील प्रसिद्ध दारूला मात्र ही सौम्य हवा पुरेशी पडत नाही. हिंदुस्थानकडे जाणाऱ्या जहाजांवरील पिंपे विषुववृत्ताच्या उष्णतेतून परत आली, की दारू अधिक चवदार झालेली आढळे. म्हणून पुढे पिंपे मुद्दाम सफरीवर पाठवली जाऊ लागली. आता सफर बंद झाली. साधी दारू टाक्यांत ४५ ते ५० अंशांवर निदान तीन महिने तापवतात. उंची दारूची पिंपे कोठारांच्या माळ्यावर, कौलांखालच्या उन्हाच्या धगीत वर्षानुवर्षे ठेवली जातात.