निळ्या पेटीचं कुलूप आणि ती एक चावी

अमेरिकेत कोपऱ्यावर निळी टपालपेटी असते, तिच्यात चेक टाकणं सेफ आहे का असं नवीन आलेले लोक मला नेहमी विचारतात. त्याचं उत्तर द्यायला थोडं मागे जावं लागतं.

१८५८ साली फिलाडेल्फियाच्या अल्बर्ट पॉट्सने दिव्याच्या खांबाला लावायच्या टपालपेटीचं पेटंट घेतलं, तेव्हापासून रस्त्यावरची पेटी आली. पेट्या वाढल्या तशी अडचण झाली की एक पोस्टमन चाव्यांचे किती जुडगे घेऊन फिरणार? म्हणून एका भागातल्या सगळ्या पेट्यांना एकच चावी चालेल अशी सोय झाली. तिलाच ॲरो की म्हणतात. कोपऱ्यावरची पेटी, अपार्टमेंटच्या टपालपेट्यांचं मोठं पॅनल, पार्सलचे लॉकर, सगळं तीच उघडते, आणि माझ्या मते खरा घोळ इथेच आहे, कुलूप कितीही दणकट असू दे, चावी एकदा चोराच्या हातात गेली की त्या भागातल्या सगळ्या पेट्यांमधलं टपाल गेलंच म्हणून समजा.

आधी चोर कुलपाच्या वाटेलाच जायचे नाहीत. दोरीला उंदीर पकडायचा चिकट कागद बांधायचा, तो फटीतून आत सोडायचा आणि पाकिटं वर ओढायची. म्हणून न्यूयॉर्कसारख्या शहरांत खाली ओढायचं रुंद झाकण काढून जेमतेम पाकीट जाईल एवढी बारीक फट ठेवली. मग चोरांची नजर चावीवर गेली. चोरलेल्या चेकवरची शाई ॲसिटोनसारख्या केमिकलने धुतात आणि नाव-रक्कम बदलतात, त्यामुळे अशा चावीला बाजारात चांगला भाव मिळायला लागला. २०२० मध्ये पोस्टाच्याच इन्स्पेक्टर जनरलच्या ऑफिसने, म्हणजे पोस्टाच्या कारभारावर लक्ष ठेवणाऱ्या ऑफिसने, सांगितलं होतं की या चाव्यांवर धड कंट्रोल नाही.

याचा फटका बसला तो कमरेला साखळीने चावी अडकवून उन्हातान्हात फिरणाऱ्या पोस्टमनला. २०२२ च्या आर्थिक वर्षात ४१२ पोस्टमनना लुटलं गेलं आणि पुढच्या वर्षी पहिल्या सहा महिन्यांतच ३०५ जणांना. वाचून खूप वाईट वाटलं, ही माणसं आपली औषधं घरपोच आणून देतात हो.

मे २०२३ मध्ये पोस्टाने ४९,००० जुन्या कुलपांच्या जागी इलेक्ट्रॉनिक कुलपं आणि १२,००० जास्त मजबूत निळ्या पेट्या बसवायचं जाहीर केलं. या कुलपांना नुसती चावी पुरत नाही. तुमच्या कोपऱ्यावर ते बदललंय की नाही हे बाहेरून कळत नाही, म्हणून मी पेटीवरच्या स्टिकरवर शेवटच्या पिकअपची वेळ बघते, ती उलटून गेली असेल किंवा रविवार असेल तर पाकीट रात्रभर पेटीतच पडून राहील, म्हणून चेक परत पर्समध्ये ठेवते आणि दुसऱ्या दिवशी थेट काउंटरवर नेऊन देते.